उंबऱ्यावरचा डाग आणि जळबाची रजा

१

डाग तळहाताएवढा होता. कडेला गर्द लाल, आत येता येता नारिंगी, आणि उंबऱ्याच्या फटीत, जिथे फडकं पोचलं नव्हतं तिथे, चक्क पिवळा. करुणा खिल्लारे उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे पाहत होती. रक्त रात्रभर सुकलं की काळपट, तपकिरी होतं. हा डाग मात्र सकाळच्या उन्हात कुंकवासारखा टवटवीत दिसत होता.

तिच्या मागे उभ्या असलेल्या केशरबाईंना एवढा धीर नव्हता.

“रगत हाय मॅडम, रगत! कुणाचा तरी मुडदा पडला इथं.”

“मुडदा कुठाय मग, मावशी?”

“उठून गेला आसंल!”

डोंगरकडा गावाबाहेर माळावर असलेल्या त्या शाळेत केशरबाई पोरांची खिचडी शिजवायच्या, आणि हा उंबरा त्यांच्या धान्याच्या खोलीचा होता. करुणा तिथे विज्ञान शिकवायची. ती बोलायची कमी, पण बोललेलं सहसा मागे घ्यावं लागत नसे. ती काही बोलणार एवढ्यात मुडदा स्वतःच फाटकातून आत आला. शाळेचा शिपाई जळबा. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये आणि प्लास्टर गळ्यातल्या झोळीत.

“काल शाळा सुटल्यावर कुलूप लावून राहिलो व्हतो,” तो खाली बघत म्हणाला. “कुणीतरी मागून हाणलं. कोण, ते दिसलं न्हाई.”

तोवर मुख्याध्यापक राधाकृष्ण औंढेकर सर रिक्षातून उतरून आले. लाल डाग पाहिला आणि त्यांनी दाराची चौकट धरली.

“रक्त?” ते कसंबसं म्हणाले. “माणसाचं आहे का?”

प्रश्न जरा विचित्र होता, पण गडबडीत कुणी मनावर घेतला नाही. करुणाने स्वयंपाकघरातून लिंबाची फोड आणली आणि डागावर पिळली. लाल रंग बघता बघता पिवळा पडला.

“हळद आहे, सर. साबण लागला की लाल होते, लिंबू लागलं की परत पिवळी.”

“व्हय की!” केशरबाईंनी कपाळावर हात मारला. “लुगड्यावर आसंच व्हतंय. म्या काहून ध्यानात घेतलं न्हाई?”

राधाकृष्ण सरांचा चेहरा एकदम उजळला. इतका, की ते हसलेसुद्धा. “म्हणजे रक्त नाही! कुणाचंच नाही! रक्त नाही म्हणजे हल्लाच झाला नाही.”

“आणि हल्ला नाही,” शेजारी उभे असलेले क्लार्क स्वानंद यांनी तंबाखू गालात सरकवत वाक्य पूर्ण केलं, “म्हणजे विशेष रजा नाही.”

जळबाने प्लास्टरकडे पाहिलं. करुणाने हातातल्या लिंबाच्या फोडीकडे.

२

नियम साधा होता. शाळेचा कर्मचारी कामावर असताना कुणी त्याच्यावर हल्ला केला आणि तो जखमी झाला, तर बरा होईपर्यंत त्याला भरपगारी विशेष रजा. ती त्याच्या स्वतःच्या रजेतून कापायची नाही. पण तो आपला आपण पडला, तर स्वतःची रजा वापरायची. जळबाची स्वतःची रजा बायकोच्या आजारपणात संपून गेली होती. कळमनुरीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की हाताला आराम दिला नाही तर हाड वाकडं जुळेल आणि हात कायमचा अधू होईल.

म्हणून जळबा रोज कामावर येत होता. एका हाताने फाटक उघडायचा, एका हाताने खुर्च्या ओढायचा आणि डाव्या हाताने घंटा द्यायचा. डाव्या हाताची घंटा अशी वाजायची की पोरांना तास संपला की आग लागली ते कळायचं नाही. संस्कृतच्या मधुवंतीबाई तर पहिल्या दिवशी वर्ग सोडून थेट मैदानात जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

राधाकृष्ण सर निर्णय घेत नव्हते, यात कुणाला नवल वाटलं नाही. सरांनी उभ्या कारकिर्दीत निर्णय असा घेतलेलाच नव्हता. माणूस सज्जन. कुणाला टाकून बोलायचे नाहीत, कुणाचा चहा चुकवायचे नाहीत. पण काही विचारलं की खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघत बसायचे. त्यामुळे शाळेत एक रीत पडून गेली होती. कुठलीही गोष्ट सरांना तीनदा विचारायची. तिसऱ्यांदाही सर गप्प राहिले की होकार समजून कामाला लागायचं. कुंपण असंच उभं राहिलं होतं, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार असंच लागलं होतं. नवे शिक्षक आले की आधी ही रीत शिकायचे, मग वेळापत्रक.

पण रजेला सही लागते, आणि सहीला रीत चालत नाही.

“सर, जळबाभाऊंच्या रजेचं काय करायचं?” करुणाने विचारलं.

सर कडुलिंबाकडे पाहू लागले. आज त्यांच्या अंगात आकाशी रंगाचा सदरा होता.

“तुम्हीच चौकशी करा, मॅडम,” बऱ्याच वेळाने ते म्हणाले. “एकसदस्यीय समिती. डाग तुम्हीच ओळखलात.” ती उठू लागली तसे घाईने पुढे म्हणाले, “तुम्ही विज्ञानाच्या. अस्वलाला माणसाचे चेहरे लक्षात राहतात का हो?”

“का, सर?”

“सहज. सामान्यज्ञानाची परीक्षा आहे ना.”

“ती डिसेंबरात झाली, सर.”

“पुढच्या वर्षीची,” सर म्हणाले आणि परत कडुलिंबाकडे वळले.

३

करुणाने स्वानंदपासून सुरुवात केली. स्वानंद आणि जळबा यांचं किल्ल्यांवरून वाजायचं, हे पोरांनाही ठाऊक होतं.

“भांडण रोजचं आहे,” स्वानंद म्हणाले. “पण मॅडम, माझ्या दंडात तेवढा जोर असता तर मी क्लार्क झालो असतो का? पोलिसात गेलो असतो. आणि त्या शुक्रवारी दुपारीच मी वसमतला गेलो, मेव्हण्याच्या साखरपुड्याला. फोटोत सगळीकडे जेवताना सापडेन.”

फोटो पाहिले. खरंच सगळीकडे जेवताना सापडले.

केशरबाईंनी तर प्रश्न पुरा होऊ दिला नाही. “म्या कशाला मारू? मारायचंच आसतं तर तोंडावर मारलं आसतं, मागून मारायची आपली जात न्हाई! पर माझा हळदीचा डबा कुनी रिता केला, ते आदी शोधा. शुक्कारी काठोकाठ भरला व्हता. आन् ह्या वानरांचं काय?”

“वानरांचं काय?”

“त्येच की. जानेवारीभर मेल्यांनी उच्छाद मांडला. खोलीत शिरून डाळ न्यायचे, डबे पाडायचे. मग धा-पंधरा दिस फिरकलेच न्हाईत. म्या म्हणलं, देव पावला. तर जळबाला लागलं, आन् सोमवारपासून टोळी परत हजर!”

करुणाने विचारलं, “जळबाभाऊंना लागल्यावर परत आली?”

“व्हय. जणू चौकशीला आली.”

तिसरा संशयित देवला. त्याच्या पोराचा मोबाइल जळबाने फाटकात काढून घेतला होता आणि देवला गावादेखत ओरडला होता, ‘तुहा हात मोडीन!’ करुणा त्याच्या शेतावर गेली तेव्हा हळद शिजत होती. मोठ्या पिंपांतून वाफ निघत होती आणि सगळ्या शिवारात तो ओला, मातकट, कडवट वास कोंदला होता. देवला नखशिखान्त पिवळा होता.

हळदीचा माणूस, हात मोडण्याची धमकी. केशरबाईंनी एवढ्यावर निकाल देऊन टाकला असता.

“मोडीन म्हणलो, व्हय,” देवला म्हणाला. “म्हणलो ते म्हणलो. पण मोडला न्हाई. मोडला आसता तर गावभर सांगत फिरलो नसतो का? लपवायला काहून मोडू?”

“शुक्रवारी संध्याकाळी कुठं होतात?”

“इथंच. पिंप चढलं की माणूस हलत न्हाई, मॅडम. एक घाणा जास्त शिजला की वर्षाचा माल बिघडतो. इचारा या बायकांना.”

बायकांनी विळे वर करून साक्ष दिली. जायला निघालेल्या करुणाला देवलाने हाक मारली.

“आन् त्या जळबाला सांगा, पोराचा मोबाइल ठिऊन घे म्हणावं परीक्षेपर्यंत. पोरगं अभ्यास करून राहिलंय. फक्त मी सांगितलं म्हणून सांगू नका.”

४

तीनही संशयित गळाले होते. उरला होता फक्त ज्याला मार लागला तो.

“जळबाभाऊ, कसे उभे होतात ते दाखवा.”

जळबा धान्याच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून, फाटकाकडे पाठ करून उभा राहिला. “आसा. आन् मागून…”

“हाड कुठं मोडलं?”

त्याने डाव्या हाताने दाखवलं. कोपराखाली, करंगळीच्या बाजूला.

“मागून मार आला तर पाठीवर बसतो, खांद्यावर बसतो,” करुणा म्हणाली. “इथं बसायला हात असा तोंडापुढे वर घ्यावा लागतो. आणि हात वर कोण घेतं? ज्याला मार येताना दिसतो तो. तुम्ही त्याला पाहिलंत, भाऊ.”

जळबाने कडुलिंबाकडे पाहिलं. मुख्याध्यापकांची सवय शिपायालाही लागली होती.

“मला घंटा द्यायची हाय,” तो म्हणाला.

“तास आत्ता सुरू झालाय.”

“मंग लवकर दिलेली बरी,” म्हणून जळबा गेला, आणि त्याने खरोखरच घंटा दिली. सगळी शाळा मैदानात आली. सातवीच्या पोरांनी हा दिवस पुढे बराच काळ आठवणीत ठेवला.

करुणा मात्र गोंगाटात उभी राहून वानरांचा विचार करत होती. वानर काठीला भीत नाही, फटाक्यालाही चार दिवसांनी सरावतं. मग ती डाळीवर पाणी सोडून पंधरा दिवस दूर का राहिली? ती ज्याला भ्यायली, ते जळबा जखमी होताच नाहीसं का झालं?

तिने स्वानंदकडून किल्ली मागून घेतली आणि स्नेहसंमेलनाच्या सामानाची पेटी उघडली. संमेलन महिन्यापूर्वी झालं होतं. वेशभूषेचे कपडे तिने स्वतः घड्या घालून ठेवले होते. राजाचा अंगरखा वर, परीचे पंख मधे आणि सगळ्यात तळाशी, जड म्हणून, पोरांच्या नाटकातलं अस्वल. काळं घोंगडं, त्याला टाचलेली काळी सुतळी, आणि कागदाच्या लगद्याचा मुखवटा.

अस्वल आता सगळ्यात वर होतं. आणि त्याचं नाक पिवळं होतं.

५

अस्वल कोण ते कळलं होतं, त्याला मारलं कुणी ते कळायचं होतं. करुणा संध्याकाळी राधाकृष्ण सरांच्या घरी गेली ती खरं तर चौकशीसाठी आणखी मुदत मागायला. सर घरी नव्हते. त्यांच्या पत्नी सुधाताई अंगणात दोरीवरचे कपडे काढत होत्या.

“बसा ना. ते भाजी आणायला गेलेत. रिक्षाने! चार पावलांवर बाजार, पण हल्ली पायी जायचं नाव नाही. शाळेतसुद्धा माळावरच्या पायवाटेने जात नाहीत. सकाळ-संध्याकाळ दाराच्या कड्या तपासतात. मला विचारतात, अस्वल डूख धरतं का? मी म्हटलं, अहो, डूख नाग धरतो!”

करुणाचं लक्ष सुधाताईंच्या हातातल्या सदऱ्याकडे गेलं. सदरा पांढरा होता. उजव्या बाहीवर आणि छातीवर मात्र गुलाबी-लाल शिंतोडे.

“हा तर वायाच गेला,” सुधाताई म्हणाल्या. “आधी पिवळे ठिपके होते, बारीक. साबण लावला तर हे असं. विचारलं तर म्हणे, कुणीतरी रंग उडवला. होळी यायचीय अजून! तेव्हापासून पांढरं काही घालतच नाहीत. आणि छत्री कुठं हरवून आले ते सांगत नाहीत. सासऱ्यांची होती. लोखंडी दांड्याची.”

“कधी हरवली?”

“त्या शुक्रवारी,” सुधाताई म्हणाल्या.

६

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत पाच माणसं होती. सर खुर्चीत, समोर करुणा, भिंतीला टेकून केशरबाई, टेबलाच्या कोपऱ्यावर स्वानंद आणि दारात, आत यावं की नाही ते न ठरवता, जळबा.

“आधी वानरांपासून सांगते,” करुणा म्हणाली. “वानरं डाळ पळवत होती. त्यांना घाबरवायला जळबाभाऊंनी पेटीतलं अस्वल काढलं. शाळा सुटल्यावर ते अंगावर घालून धान्याच्या खोलीभोवती फिरायचे. पंधरा दिवस वानरं आली नाहीत ती म्हणूनच.”

“आगं माय!” केशरबाई म्हणाल्या. “तू व्हतास व्हय रे? म्या येकदा लांबून पाह्यलं आन् भुताला निवद ठिवला!”

“खाल्ला मीच,” जळबा पुटपुटला.

“शुक्रवारी मात्र एक धीट वानर आलं असणार, आणि ते हळदीचा डबा घेऊन पळत होतं. भाऊंनी तो हिसकावला आणि डबा हातात घेऊन खोलीच्या बाहेर आले. म्हणजे अस्वल बाहेर आलं. दोन पायांवर, हात वर करून. तेवढ्यात समोरून कुणीतरी आलं. त्याने जे हातात होतं ते जिवाच्या भीतीने हाणलं. वार हातावर बसला, डबा उडाला. हळद अस्वलाच्या नाकावर, उंबऱ्यावर आणि मारणाऱ्याच्या उजव्या बाहीवर पडली. मारणारा पळाला. भाऊंनी एका हाताने उंबरा साबणाने पुसला, अस्वल पेटीत ठेवलं आणि मग दवाखान्यात गेले. पुसलेला डाग साबणाने लाल झाला. आणि मारणाऱ्याच्या घरी सदरा धुतला, तोही लाल झाला.”

राधाकृष्ण सर आपल्या आकाशी बाहीकडे बघत होते.

“सर,” करुणा हळूच म्हणाली, “ते अस्वल खरं नव्हतं.”

राधाकृष्ण सरांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही.

“खरं नव्हतं?” ते म्हणाले. “मला वाटलं… वन्य प्राण्याला इजा, म्हणजे वनखातं, खटला, नोकरी. रोज वाटायचं माळावर कुठेतरी मरून पडलं असेल. किंवा वाट बघत बसलं असेल.” ते जळबाच्या प्लास्टरकडे वळले. “आणि जळबाला लागलं ऐकून वाटलं, मी चिडवलेल्या अस्वलानेच त्याला मारलं. त्याची बाजू घ्यायची तर अस्वलाला आधी मी हाणलं, तेही बोलावं लागलं असतं.”

“पण जळबा,” स्वानंद उसळून म्हणाले, “तुला तर दिसलं होतं! नाव का नाही घेतलंस?”

जळबाने एक पाऊल आत टाकलं. “मारलं हे खरं सांगितलं. कुणी, ते ठिवलं मागं, म्हणून ‘मागून’ म्हणलो. सही ज्येनी करायची त्येंचंच नाव घेतलं, तर सही कोण करील? आन् सर ‘अस्वल, अस्वल’ करत माळावरून जसे पळाले ना, तसं पळताना कुणी कुणाला पाहू नये. हाताची तकलीफ मला हाय, बराबर. पण त्येंची इज्जत पोरांत गेली आसती.” मग त्याने पाठीमागे धरलेला डावा हात पुढे आणला. त्यात काळी, लोखंडी दांड्याची छत्री होती. दांडा मधे वाकलेला. “सर, तुमची छत्री. सरळ कराया पाहिली, पर येका हातानं जमंना.”

सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

“एक अडचण आहे,” स्वानंद म्हणाले. नियम त्यांना तंबाखूइतकाच प्यारा होता. “अस्वल होणं हे शिपायाचं काम होतं का? आदेश कुणाचा?”

“सरांना इचारलं व्हतं,” जळबा म्हणाला. “‘सर, वानरांसाठी अस्वल व्हऊ का?’ सोमवारी इचारलं, मंगळवारी इचारलं, बुधवारी इचारलं. सर झाडाकडं पाहत व्हते.”

खोलीत सगळ्यांनी एकदम मान डोलावली. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. या शाळेत याहून पक्का आदेश निघालाच नव्हता.

“मग काम नेमलेलंच होतं,” स्वानंदनी मान्य केलं. “वार माणसाने केला, काय समजून केला हे नियम विचारत नाही. पण मारणाऱ्याचं नाव लागेल. ‘अज्ञात इसम’ लिहिलं तर प्रस्ताव परत येईल, आणि येईपर्यंत हाड वाकडं जुळलेलं असेल.”

“सर,” करुणा म्हणाली, “जळबाभाऊंची रजा मंजूर करायची?”

सरांचे डोळे सवयीने खिडकीकडे गेले. कडुलिंबावर एक वानर बसलं होतं आणि शेंगदाण्याची पिशवी फाडत होतं. पिशवी केशरबाईंची होती, पण त्यांची नजर सरांवर होती.

“सर, रजा मंजूर करायची?”

सरांनी वाकडी छत्री मांडीवर आडवी ठेवली. बोटं वाकलेल्या दांड्यावरून फिरली. बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते. दारात जळबा झोळीतला हात डाव्या हाताने सावरून उभा होता.

“तिसऱ्यांदा विचारते, सर,” करुणा म्हणाली. “पण या वेळी गप्प राहून चालणार नाही.”

राधाकृष्ण सर उठून उभे राहिले. त्यांनी खिडकीचं दार ओढून लावून घेतलं आणि खोलीकडे तोंड करून, शेवटच्या बाकावरच्या पोरालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“लिहा, स्वानंद. मारणारा, मी. आणि रजा मंजूर.”